स्पेलिंग थांबलं, उच्चार पुढे गेला

‘नाइट’ या एका उच्चाराची इंग्रजीत दोन स्पेलिंगं आहेत. एकाचा अर्थ रात्र, दुसऱ्याचा घोडेस्वार योद्धा. योद्ध्याच्या आरंभी मुका ‘के’ उभा आहे आणि दोन्ही शब्दांच्या पोटात मुके ‘जी-एच’ बसले आहेत. शाळेत ही अक्षरं पाठ करून घेतात आणि पुढे जातात. पण १४०० च्या सुमाराला लंडनमधला माणूस यातलं प्रत्येक अक्षर बोलत होता. रात्र म्हणजे ‘निख्त’, योद्धा म्हणजे ‘क्निख्त’. (हा ‘ख’ आपल्यासारखा फटकन सुटणारा नव्हता; ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला, घासत जाणारा होता.) शब्द दोन, उच्चार दोन, आणि स्पेलिंग त्या दोन्ही उच्चारांशी प्रामाणिक.

इंग्रजीचं स्पेलिंग लहरी आहे असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. त्यातलं जवळजवळ प्रत्येक मुकं अक्षर कोणत्या तरी शतकाने मागे ठेवलेलं आहे, आणि ते शतक कोणतं हे बहुतेक वेळा सांगता येतं. ही भाषा कशी घडली हे समजून घ्यायला लढायांच्या सनावळीइतकीच ही अक्षरंही कामाला येतात. देवनागरी वाचणाऱ्याची तर आणखी एक सोय आहे: जुने उच्चार जसेच्या तसे लिहून समोर ठेवता येतात.

सुरुवात पाचव्या शतकाच्या मध्यापासून. परंपरेने ४४९ हे साल सांगतात. आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या. तिथे आधीपासून बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषांमधून इंग्रजीत फार थोडे शब्द आले. मागे राहिली ती मुख्यतः नद्यांची नावं. एव्हन नदीच्या नावाचा केल्टिकमधला अर्थच ‘नदी’ असा आहे.

या जुन्या इंग्रजीचं व्याकरण मराठी माणसाला आजच्या इंग्रजीपेक्षा जास्त ओळखीचं वाटेल. तीन लिंगं होती, विभक्तीचे प्रत्यय होते, विशेषणं नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत. दगडाला शब्द होता ‘स्तान’. दगडाचा म्हणजे ‘स्तानेस’, दगडाला म्हणजे ‘स्ताने’, अनेक दगड ‘स्तानास’, दगडांचा ‘स्ताना’, दगडांना ‘स्तानुम’. लिंग अर्थावरून ठरत नसे; बाई या अर्थाचा ‘वीफ’ हा शब्द नपुंसकलिंगी होता. या सगळ्या पसाऱ्यातून आजच्या नामांकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत. ‘स्तानेस’मधला ‘स’ मालकी दाखवतो (आपण त्याच्याआधी अपॉस्ट्रॉफी टाकतो) आणि ‘स्तानास’मधला ‘स’ अनेकवचन करतो.

‘फूट’चं ‘फीट’ आणि ‘माउस’चं ‘माइस’ होतं ते मात्र याहूनही जुन्या काळातलं आहे. त्यांच्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’ होती. ती ‘इ’ उच्चारण्याची तयारी जीभ आधीच्या स्वरापासूनच करू लागली, आणि ‘फोट’मधल्या ‘ओ’चा ‘ए’ झाला. पुढे प्रत्यय गळून पडला, स्वर तेवढा बदललेला राहिला: ‘फोट’, ‘फेट’. कारण गेलं आणि परिणाम उरला, असा प्रकार या भाषेत पुन्हा पुन्हा भेटतो.

प्रत्यय गेले कशामुळे? दोन कारणं एकत्र आली. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुटुंबात) आघात शब्दाच्या पहिल्या भागावर पडतो, त्यामुळे शेवट पुटपुटला जातो. हळूहळू ‘आ’, ‘ओ’, ‘उ’, ‘ए’ असे सगळे अंत्य स्वर एकाच अस्पष्ट ‘अ’मध्ये मिसळले, आणि मग विभक्ती कानाला वेगळ्या ऐकू येईनात. दुसरं कारण व्हायकिंग. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला झाला, आणि पुढच्या शतकभरात उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये ही मंडळी वस्ती करून राहिली. त्यांची नॉर्स भाषा इंग्रजीची चुलत बहीण होती: शब्दांची मुळं पुष्कळदा सारखी, प्रत्यय वेगळे. शेजाऱ्याशी बोलताना मूळ समजायचं, अडथळा व्हायचा तो प्रत्ययाचा. प्रत्यय आधी झिजले ते याच उत्तर-पूर्व भागात, हा योगायोग नसावा. प्रत्यय गेल्यावर कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगण्याचं काम शब्दांच्या क्रमावर पडलं. मराठीत ‘वाघाला मुलाने मारलं’ हे कसंही फिरवलं तरी वाघच मरतो. इंग्रजीत क्रम फिरवला की मुलगा मरतो.

नॉर्सकडून आलेले शब्द अगदी घरगुती आहेत: एग, स्काय, स्किन, लेग, नाइफ, लॉ, टेक, आणि ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाचा विंडो. ‘ते, त्यांना, त्यांचं’ यासाठीची दे, देम, देअर ही सर्वनामंही नॉर्सच. एखादी भाषा दुसरीकडून सर्वनाम उसनं घेते हे फार क्वचित घडतं. दोन्ही समाज किती जवळजवळ राहत होते हे त्यावरून कळतं. शब्द ओळखण्याची एक खूणही इथेच मिळते. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ झाला होता, नॉर्समध्ये तो ‘स्क’च राहिला. म्हणून एकाच मुळापासूनचा ‘शर्ट’ इंग्रजी आणि ‘स्कर्ट’ नॉर्स. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या शेवटी येणारा ‘बी’ म्हणजे नॉर्समधली वस्ती.

१०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई झाली आणि नॉर्मंडीचा विल्यम राजा झाला. दरबार, न्यायालय आणि जमीनदारी फ्रेंच बोलू लागली. १५०० पर्यंत सुमारे १०,००० फ्रेंच शब्द इंग्रजीत आले असा अंदाज केला जातो. पण त्यांचा लोंढा १०६६ नंतर लगेच आला नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. तो आला १२५० नंतर. १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाने नॉर्मंडी गमावली, सरदारांची समुद्रापलीकडची नाळ तुटत गेली आणि त्यांच्या घरांतली मुलं इंग्रजी बोलू लागली. तसं बोलताना कायदा, कर, पोशाख, स्वयंपाक यांचे सवयीचे फ्रेंच शब्द त्यांनी सोबत आणले. फ्रेंच भरात असताना जितके शब्द आले, त्याहून कितीतरी जास्त ती ओसरताना आले. १३६२ मध्ये न्यायालयांत इंग्रजीत बोलण्याचा कायदा झाला, आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये.

स्पेलिंगवर हात फिरवला तो फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी. राणीचा ‘क्वेन’ पूर्वी ‘सी-डब्ल्यू’ने सुरू होत असे, तो त्यांनी ‘क्यू-यू’ केला. ‘च’साठी ‘सी’ला ‘एच’ जोडला. ‘हूस’ म्हणजे घर, त्यातल्या लांब ‘ऊ’साठी फ्रेंच रीतीने ‘ओ-यू’ घातला. घासत्या ‘ख’साठी जुना एकटा ‘एच’ होता, तिथे ‘जी-एच’ आला. ‘सन’ (मुलगा), ‘कम’, ‘लव्ह’, ‘मंक’ या शब्दांत ‘यू’ हवा तिथे ‘ओ’ का, याचं उत्तर तर बोरूच्या टोकाशी आहे. त्या काळच्या वळणात ‘आय’, ‘एन’, ‘एम’, ‘यू’, ‘व्ही’ ही अक्षरं सारख्या आखूड उभ्या रेघांची बनत. ‘यू’ला ‘एम’, ‘एन’ किंवा ‘व्ही’ चिकटला की नुसत्या रेघांची रांग दिसे, कोणतं अक्षर कुठे संपतं ते कळत नसे. वाचता यावं म्हणून ‘यू’च्या जागी गोल ‘ओ’ लिहू लागले.

मग आला छापखाना. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला यंत्र बसवलं. त्याची अडचण त्याने १४९० मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. टेम्सवरून निघालेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाने किनाऱ्यावरच्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली, तर ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितल्यावर तिला अंडी हवीत हे कळलं. ‘एग्ज’ नॉर्स, ‘आयरेन’ अस्सल इंग्रजी. पुस्तकात कोणता शब्द छापायचा, असा कॅक्स्टनचा प्रश्न. त्याने आणि त्याच्यानंतरच्या मुद्रकांनी साधारणपणे लंडनच्या सरकारी दफ्तरातली इंग्रजी धरली आणि तीच देशभर गेली. कॅक्स्टनने छपाईतली सुरुवातीची वर्षं फ्लेमिश मुलखात काढली होती, त्यामुळे तिथल्या सवयीही सोबत आल्या. भूत या अर्थाच्या ‘घोस्ट’मधला ‘एच’ तिथला. हंस आणि मुलगी यांच्या शब्दांतही तो घातला गेला होता, तिथे मात्र टिकला नाही.

स्पेलिंग असं आकाराला येत असतानाच बोलण्यात मोठी उलथापालथ चालू होती. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिलं. नियम सोपा आहे. दीर्घ स्वर उच्चारताना जीभ जिथे असे, तिथून ती एक पायरी वर गेली. ‘ए’चा ‘ई’ झाला: ‘फेट’ ते ‘फीट’. ‘ओ’चा ‘ऊ’ झाला: ‘मोन’ ते ‘मून’. ‘आ’ वर सरकत ‘एइ’ला पोचला: ‘नामअ’ ते ‘नेइम’. (नावासाठीचा हा इंग्रजी शब्द आणि संस्कृतातलं ‘नाम’ एकाच मुळाचे; सहाशे वर्षांपूर्वी ते कानालाही तसेच लागत.) ‘ई’ आणि ‘ऊ’ आधीच टाळूपाशी होते, त्यांना वर जायला जागा नव्हती. ते फुटून दोन स्वरांचे झाले: ‘टीमअ’ ते ‘टाइम’, ‘हूस’ ते ‘हाउस’.

खालच्या स्वराने वरच्याला ढकललं की वरचा सरकल्यावर खालचा रिकाम्या जागेत ओढला गेला, यावर अभ्यासक बराच काळ वाद घालत आले आहेत. त्यातला एक पुरावा फार बोलका आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत ‘ओ’ आधीच तोंडाच्या पुढच्या भागाकडे सरकला होता, त्यामुळे ‘ऊ’ला खालून ढकलणारं कोणी नव्हतं. आणि तिथे ‘ऊ’ हललाच नाही. स्कॉट माणूस अजूनही घराला ‘हूस’ म्हणतो. निदान ‘ऊ’च्या बाबतीत तरी ढकलण्याची बाजू मला जास्त पटते.

दोन ‘ओ’ लागोपाठ आले की कधी ‘मून’, कधी ‘बुक’, कधी ‘ब्लड’ असं का होतं, तेही यातूनच उलगडतं. तिन्हींत मुळात लांब ‘ओ’ होता, तिन्हींत त्याचा ‘ऊ’ झाला. ‘ब्लड’मधला ‘ऊ’ लवकर ऱ्हस्व झाला. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व ‘उ’चा ‘अ’ होऊ लागला (‘कुट’चं ‘कट’ झालं), त्या फेऱ्यात हा ‘ब्लुड’ सापडला आणि ‘ब्लड’ झाला. ‘बुक’ ऱ्हस्व झाला तो उशिरा. तोवर ती लाट ओसरली होती, म्हणून तो ‘उ’वरच राहिला. ‘मून’ ऱ्हस्व झालाच नाही. तिघांचं स्पेलिंग मात्र लाटेच्या आधीचं.

‘नेइम’च्या शेवटचा मुका ‘ई’सुद्धा एकेकाळी बोलला जाणारा प्रत्यय होता. तो मुका झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की तो असला की आधीचा स्वर दीर्घ असतो. मग त्याला खूण म्हणून कामाला लावलं आणि जिथे तो कधीच नव्हता तिथेही जोडला. ‘वीफ’चा ‘वाइफ’ होताना शेवटी आलेला ‘ई’ असा जोडलेला आहे.

सगळी मुकी अक्षरं इतकी निर्मळ मात्र नाहीत. सोळाव्या शतकात लॅटिनचं वेड शिगेला पोचलं आणि पंडितांनी शब्दांत अशी अक्षरं घुसवली जी इंग्रजीत कधी बोलली गेलीच नव्हती. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता, लॅटिन मूळ दिसावं म्हणून त्यात ‘बी’ टाकला. ‘डाउट’मध्येही तेच. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चक्क चूक आहे. शब्द अस्सल जर्मानिक, पण ‘आइल’ या फ्रेंच शब्दाशी नातं आहे असं समजून त्याचा ‘एस’ इथे बसवला. ‘वुड’ आणि ‘शुड’ या क्रियापदांत ‘एल’ मुळापासून होता. ‘कुड’मध्ये नव्हता, शेजाऱ्यांकडे पाहून आला.

स्पेलिंगवरून शब्दाचं वय काढायला सर्वांत भरवशाचा जोड म्हणजे ‘सी-एच’. त्याचे तीन उच्चार म्हणजे तीन वेगळे प्रवेश. ‘च’ असेल (चाइल्ड, चेअर, चीफ) तर शब्द अस्सल इंग्रजी किंवा मध्ययुगात आलेला फ्रेंच. ‘श’ असेल (मशीन, शेफ) तर फ्रेंचच, पण उशिरा आलेला. कारण मधल्या काळात खुद्द फ्रान्समध्ये ‘च’चा ‘श’ झाला होता. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हा मुळात एकच शब्द, शतकांच्या अंतराने दोनदा आत घेतलेला. ‘क’ असेल (स्कूल, केमिस्ट्री, कोरस) तर मूळ ग्रीक. नवा शब्द समोर आला की अर्थावरून अंदाज बांधावा: शास्त्र, वैद्यक किंवा संगीतातली संज्ञा असेल तर ‘क’, फॅशन किंवा पाककलेतली असेल तर ‘श’, बाकी बहुतेक ‘च’. हमखास चूक होते ती ‘आर्किटेक्ट’सारख्या शब्दांत, जिथे ग्रीक मूळ रोजच्या वापरामुळे लपून जातं.

इथवर ही भाषा एका बेटावरची होती. १६०७ मध्ये अमेरिकेत जेम्सटाउन वसलं आणि ती जहाजावर चढली. कोणत्या साली कोणता उच्चार जहाजात बसला, यावर आजचे फरक बऱ्याच अंशी ठरले आहेत. सतराव्या शतकात निघालेल्यांच्या तोंडात ‘कार’मधला ‘आर’ ठणठणीत होता, म्हणून बहुतेक अमेरिकेत तो आजही आहे. अठराव्या शतकात लंडनकडे शब्दाच्या शेवटचा ‘आर’ विरत गेला. १७८८ पासून ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनी तो विरलेलाच नेला. अमेरिकन ‘गॉटन’ (‘गेट’चं रूप) इंग्लंडमध्ये कानाला खटकतो, पण तो तिथूनच गेलेला जुना प्रयोग आहे.

भारतात ही भाषा वसाहतकऱ्यांच्या घरांतून पसरली नाही, ती शाळा आणि कचेरीतून पसरली. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० मध्ये, मेकॉलेचं टिपण आलं २ फेब्रुवारी १८३५ ला, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली १८५७ मध्ये. पुस्तकातून शिकलेली भाषा छापील अक्षरांबरहुकूम बोलली जाते. ‘प्लंबर’मधला ‘बी’ इथे ऐकू येतो तो यामुळे. उलट दिशेनेही शब्द गेले. आपला ‘मुंगूस’ ‘मंगूस’ होऊन इंग्रजी कोशात बसला आहे.

एक तिसरा मार्ग होता मजुरांचा आणि गुलामांचा. वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना जबरदस्तीने एकत्र आणलं, तिथे इंग्रजी शब्दांवर नवी व्याकरणं उभी राहिली. कॅरिबियन बेटांतल्या क्रिओल भाषा अशा तयार झाल्या, आणि मळ्यांवरच्या मजुरीतून पापुआ न्यू गिनीची टोक पिसिन. या भाषांना मोडकी इंग्रजी म्हणणं हा अन्याय आहे. इंग्रजीत ‘वी’ म्हटल्यावर ऐकणारा त्यात धरला आहे की नाही हे कळत नाही. टोक पिसिनमध्ये कळतं: ‘युमी’ म्हणजे आपण, ‘मिपेला’ म्हणजे आम्ही. मराठीत आहे तोच भेद तिने इंग्रजीच्याच शब्दांतून घडवला.

आज इंग्रजी शिकून वापरणारे लोक तिला मातृभाषा मानणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहेत. गरज पडली तर तेही तिचे उच्चार ठरवून बदलतात. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रेडिओवर तीनला ‘ट्री’ आणि नऊला ‘नायनर’ म्हणायचं असतं, कारण ‘थ’चा इंग्रजी उच्चार पुष्कळांना जमत नाही आणि खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ एकमेकांत मिसळतात.

मग स्पेलिंग उच्चाराप्रमाणे का करत नाहीत? प्रयत्न झाले. कोशकार नोआ वेब्स्टरने अमेरिकेत ‘कलर’मधला ‘यू’ काढला, तो बदल टिकला. ‘टंग’ (जीभ) उच्चाराप्रमाणे लिहायला सुचवला, तो टिकला नाही. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० सुधारित स्पेलिंगं वापरायला सांगितली; तिथल्या संसदेने (काँग्रेसने) विरोध केला आणि त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. अडचण साधी आहे: उच्चार कोणाचा धरायचा? ‘कार’ ग्लासगोच्या उच्चाराने लिहावा तर सिडनीत चुकतो. आजचं स्पेलिंग कोणाच्याच उच्चाराचं नाही, त्यामुळे ते सगळ्यांना सारखंच चालतं. शिवाय ते शब्दांची नातीही जपतं. ‘इलेक्ट्रिक’, ‘इलेक्ट्रिसिटी’, ‘इलेक्ट्रिशियन’ यांत एकच ‘सी’ क्रमाने ‘क’, ‘स’ आणि ‘श’ होतो; उच्चाराप्रमाणे लिहिलं तर ही तीन भावंडं डोळ्यांना परकी वाटतील.

आणि आता ओढ उलट दिशेला आहे. ‘ऑफन’मधला ‘टी’ शेकडो वर्षांपूर्वी गळून पडला होता. शाळेमुळे सगळे वाचू लागले आणि कित्येक जण तो पुन्हा बोलू लागले. कपाळाला इंग्रज ‘फॉरिड’ म्हणत, आता बरेच जण ‘फोरहेड’ म्हणतात. पंडितांनी घुसवलेली काही अक्षरंही अशीच जिवंत झाली. दोष या अर्थाचा ‘फॉल्ट’ पूर्वी ‘फॉट’ होता. लॅटिनच्या हौसेने आत आलेला ‘एल’ आधी कागदावरच होता, आज तो सगळे बोलतात. ‘ऑथर’मधला ‘एच’ही असाच उपरा: तो आला तेव्हा शब्द ‘ऑटर’ होता, आणि त्या एका अक्षरामुळे त्याच्या ‘ट’चा ‘थ’ झाला. टेम्स नदीच्या नावातही तोच ‘एच’ घातला गेला, पण तिथे ‘ट’ जसा होता तसाच राहिला आहे.